जुन्या बाजारातून आणलेला तोफेच्या गोळ्याचा फ्यूज, ब्रासो मारू का?

पितळवेडा
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी मुळात जुनी कुलुपं आणि अडकित्ते जमवतो, लष्करी वस्तूंमधलं मला काही कळत नाही म्हणून इथे विचारतोय. काल रविवारी सकाळी सातलाच जुन्या बाजारात गेलो होतो, उशीर केला की चांगलं सगळं डीलर लोक उचलून नेतात. एका काकांच्या ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, स्टोव्हचे बर्नर, तुटक्या समया असा ढीग होता आणि त्यात एक पितळी वस्तू दिसली, मुठीएवढी, हातात घेतली तर चांगलीच जड. वर बोथट टोक, खाली आटे, मधे एकावर एक दोन कड्या, आणि खालच्या कडीवर ० पासून २२ पर्यंत आकडे, मधे बारीक बारीक रेघा, इतकं नाजूक काम की घड्याळजीच्या हाताचं वाटावं. अंगावर ८० आकडा, त्याच्या बाजूला एक रोमन आकडा आहे पण तो घासला गेलाय, १९१६ स्पष्ट आहे आणि एक छोटा बाण ठोकलाय. काका म्हणाले बोटीवरच्या कुठल्यातरी यंत्राचा पार्ट आहे, ७०० सांगितले, ४५० ला दिलं.

घरी येऊन मोबाइलवर फोटो टाकून शोधलं तर कळलं की हा तोफेच्या गोळ्याच्या टोकाला बसवायचा फ्यूज आहे, पहिल्या महायुद्धातला, ब्रिटिश. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ११० वर्षं जुनी वस्तू आणि ती कडी अजून फिरते!

आता प्रश्न असे की वर हिरवट काळा थर चढलाय तो ब्रासोने काढू का चिंच मिठाने, कुलुपांना मी चिंच लावतो. दुसरं म्हणजे खालचा आट्यांचा भाग किंचित हलतो, थोडं गंजाचं तेल सोडून पान्याने उघडला तर आतली यंत्रणा बघता येईल का. आणि पुण्यात हे असलं जमवणारे कोणी आहेत का, म्हणजे यात पुढे जावं का हे कळेल. सध्या टीव्हीच्या शेजारी शोकेसमधे ठेवलाय, माझी ६ वर्षांची मुलगी ती कडी फिरवून घड्याळ घड्याळ खेळते.

माजी_ऑर्डनन्स
अरे बाबा हे वाचलंस की आधी मुलीला त्या खोलीतून बाहेर काढ. बाकीचं नंतर वाच.

काढलंस? आता ऐक. त्या वस्तूला परत हात लावू नकोस. उचलून गॅलरीत ठेवू नकोस, पाण्यात टाकू नकोस, गाडीच्या डिकीत घालून पोलीस चौकीत तर अजिबात नेऊ नकोस. आहे तिथे राहू दे, खोलीचं दार ओढून घे, घरच्यांना लांब बसव आणि ११२ ला फोन करून सरळ सांग की घरात जुना लष्करी फ्यूज आहे, जिवंत आहे की नाही माहिती नाही. ते बीडीडीएसची माणसं पाठवतील, बॉम्ब शोधक नाशक पथक. कुणी तुझ्यावर ओरडणार नाही, त्यांना असे फोन येतात.

मी ऑर्डनन्समधे २६ वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी दारूगोळ्यातच गेली म्हणून सांगतो, लोकांचा एक समज पक्का असतो की शंभर वर्षं झाली म्हणजे मेलं. तसं नसतं. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक, कोळसा, आणि ती बंद कवचात कोरडी राहिली तर तुझ्या आजोबांच्या काळात जशी पेट घ्यायची तशीच आज घेते. आणि फ्यूजमधे नुसती दारू नसते, ती पेटवायला एक टोपी असते, तिच्यात फल्मिनेटसारखं रसायन असतं जे ठोक्याने, घर्षणाने पेटतं. जुनं झालं की ते काय करेल याचा भरवसा कुणीच देत नाही, आम्ही पण नाही द्यायचो. २००८ मधे अमेरिकेत व्हर्जिनियात एक मुरलेला संग्राहक त्यांच्या यादवी युद्धातला तोफेचा गोळा घराच्या अंगणात साफ करत असताना गेला. १८६० च्या दशकातला गोळा! आणि हा माणूस नवखा नव्हता, आयुष्यभर तेच करत आलेला.

तू पान्याने उघडायचं म्हणतोयस. माझ्या नोकरीच्या काळात फायरिंग रेंजजवळच्या एका गावातला पोरगा, वय १९, पितळेच्या भावासाठी असलाच तुकडा दगडावर ठेवून ठोकत होता. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेणाऱ्यांत मी होतो. उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि एक डोळा. तो तुकडा विकून त्याला तेव्हा फार तर ६०-७० रुपये मिळाले असते.

फोन केलास की इथे लिही. मी जागा आहे.

कागदवेडी
माजी ऑर्डनन्स काकांनी सांगितलंय ते शब्दशः कर दादा, ते झाल्यावरच पुढचं वाच.

तुझ्या वर्णनावरून मला खात्री वाटतेय की हा ८० नंबरचा टाइम अँड परकशन फ्यूज आहे. ० ते २२ म्हणजे त्याचे सेकंद नव्हे बरं का थेट, जळण्याच्या लांबीचं माप, पण साधारण बावीस सेकंदांपर्यंत लावता यायचा असं धर. ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफेच्या श्रॅपनेल गोळ्यावर हा बसायचा. आणि त्यातली कल्पना इतकी सुंदर आहे की ती मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी रात्री झोपले नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते.

श्रॅपनेल गोळा जमिनीवर पडून फुटायचा नाही, तो हवेत, शत्रूच्या थोडा अलीकडे आणि डोक्यावर उघडायचा आणि आतल्या शिशाच्या गोळ्या, १८ पौंडीत पावणेचारशेच्या आसपास, छर्ऱ्यासारख्या पुढे उडायच्या. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. एक सेकंद आधी फुटला तर गोळ्या वाटेतच पडणार, उशीर झाला तर डोक्यावरून निघून जाणार. आता १९१६ मधे गोळ्यात बसेल अशी बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, मग घड्याळ कशाचं? तर दारूचं. त्या ज्या दोन कड्या आहेत, ज्यांतली एक तुझी मुलगी फिरवत होती, त्यांच्या आत एकेक खोबण आहे आणि तिच्यात दाबून भरलेली दारू. तोफ उडाली की त्या धक्क्याने वरची कडी पेटते, आग गोल गोल सरकत जाते, ठरलेल्या जागी खालच्या कडीत उतरते, तिथून पुन्हा गोल, आणि शेवटी गोळ्याच्या पोटात. खालची कडी फिरवली की आगीला चालायचं अंतर कमीजास्त होतं. बस, एवढंच घड्याळ. आणि समजा वेळ चुकली तर जमिनीवर आपटल्यावर फुटायची वेगळी सोय, म्हणून नावात परकशन.

पण दारूचं घड्याळ हवेवर अवलंबून. उंचावर हवा विरळ झाली की दारू हळू जळते, आणि दमट साठवण झाली असेल तर वेगळीच. म्हणून पुढे खरोखरच्या चाव्यांचे, स्प्रिंगचे फ्यूज आले, त्यात जर्मन पुढे होते.

आता गंमत म्हणजे हा ब्रिटिश ८० नंबर मुळात जर्मन क्रुप कंपनीच्या डिझाइनवरून. व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीने १९०२ मधे क्रुपशी करार करून हक्क घेतले होते. मग महायुद्ध लागलं, ब्रिटिश तोफा त्याच पद्धतीचे फ्यूज लाखांनी जर्मनांवर उडवत राहिल्या, आणि युद्ध संपल्यावर क्रुपने व्हिकर्सकडे प्रत्येक फ्यूजमागे रॉयल्टीचा दावा लावला! १९२६ मधे ४० हजार पौंडांवर ते मिटलं. दोन्ही बाजूंची पोरं मेली आणि वर त्याचा हिशोब झाला, हे वाचलं तेव्हापासून मला ८० नंबर बघितला की पोटात कालवतं.

ब्रासोबद्दल. कधीच नाही, निकामी केलेल्या वस्तूला पण नाही. कुलपाची गोष्ट वेगळी, फ्यूजची सगळी किंमत अंगावरच्या ठोकलेल्या अक्षरांत असते. नंबर, मार्क म्हणजे आवृत्तीचा रोमन आकडा, कारखान्याची खूण, लॉट, साल, कधी तपासनिसाचा शिक्का. तो छोटा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. तुझा रोमन आकडा घासला गेलाय ना, तो कुणीतरी असंच कधीतरी चकचकीत करण्याच्या नादात घालवलेला असणार. चिंचेने तर पितळ गुलाबी पडतं, तुला माहितीच आहे.

पितळवेडा
फोन केला. मुलगी आणि आई शेजारच्यांकडे आहेत. मी खालच्या कट्ट्यावर बसून टाइप करतोय, हात थरथरतायत. दीड दिवस ती त्याच्याशी खेळत होती हे डोक्यातून जात नाहीये. माणसं निघालीयत म्हणाले.

कागदवेडी ताई तुम्ही लिहिलंय ते वाचतोय, वेळ जातोय त्याने. लिहीत राहा कुणीतरी.

खडकीकर
मी लिहितो भाऊ. माझे आजोबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, १८६९ ची फॅक्टरी ती, आमची अख्खी चाळच तिथे कामाला जायची, भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची. आजोबा घरी कधी कामाचं बोलायचे नाहीत पण एक सांगायचे की आत जाताना काडेपेटी, विडी, खिळे मारलेल्या चपला, सगळं फाटकावर ठेवायचं, कारण दगडावर खिळा घासला तरी ठिणगी पडते. ते रिटायर झाल्यावर सुद्धा घरात कुणाच्या खिशात काडेपेटी दिसली की चिडायचे, आम्हाला लहानपणी कळायचं नाही का.

मी जमवतो पण फ्यूज नाही, मी नुसते कागद आणि फोटो जमवतो, खडकीशी संबंधित काहीही, जुने पास, बोनस स्लिपा, कँटीनची कुपनं. काडतुसं जमवणाऱ्या लोकांमधे केएफ आणि मधे बाण असा शिक्का प्रसिद्ध आहे, केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, थ्री नॉट थ्रीच्या बुडावर तो असतो आणि जगभर सापडतो. आजोबांच्या हाताखालून गेलेलं एखादं काडतूस कुठल्या वाळवंटात पडलं असेल कुणास ठाऊक. पण घरात मी एकही ठेवलेलं नाही, आजोबांनी हयातीत शपथ घातली होती.

एक सांगतो, जुन्या बाजारात फ्यूज म्हणून विकतात त्यातले बरेचदा फ्यूज नसतातच, गोळ्याचं तोंड बंद ठेवायला फ्यूज बसवेपर्यंत पितळी प्लग लावायचे ते असतात. पण ते आपण ठरवायचं नाही. एकाने मला छातीठोकपणे सांगितलं होतं की ड्रिल असं ठोकलेलं असेल किंवा आरपार भोक पाडलेलं असेल तर तो सरावाचा, घ्यायला हरकत नाही. मी माजी ऑर्डनन्सांना विचारतो, बरोबर आहे का?

माजी_ऑर्डनन्स
अर्धं बरोबर म्हणजे पूर्ण चूक. सरावाच्या मालावर खुणा असतात, भोकं असतात, खरं आहे. पण शंभर वर्षांत तो तुकडा किती हातांतून गेलाय, कुणी कुठला भाग कुठे बसवलाय, भोक सरकारने पाडलंय की भंगारवाल्याने, हे ताडपत्रीवर बसून कळत नाही. मला सुद्धा नाही कळणार. आमच्यात सुद्धा वरून बघून कुणी पास करत नसे, कागद लागायचा, सहीचा. ज्याच्यामागे कागद नाही तो जिवंत, असं धरून चालायचं.

आणि जमवणाऱ्यांनी एक आणखी लक्षात घ्या, लिड्डाइट म्हणजे पिक्रिक अ‍ॅसिड भरलेले जुने गोळे, १८८८ नंतरचे, ते तर वय वाढेल तसे जास्त भयंकर होऊ शकतात, कारण ते अ‍ॅसिड धातूला खाऊन त्याचे क्षार बनवतं आणि ते मूळ मालापेक्षा नाजूक असतात. म्हणजे जुना तितका बरा हे इथे उलटं आहे.

शिवाजीनगर_वकील
पितळवेडा, पथक येऊन जाईपर्यंत माझंही वाचून घ्या म्हणजे पुढची भीती कमी होईल. लोक ११२ ला फोन करत नाहीत त्याचं मोठं कारण हेच असतं की केस होईल. तुम्ही स्वतःहून कळवलंय, कुठून किती रुपयांना घेतलं ते सांगताय, लपवलेलं काही नाही. जबाब घेतील, जे आहे ते सांगा, ताडपत्रीवाल्या काकांचं पण सांगा, त्यांनाही बिचाऱ्यांना माहीत नसणार आणि ते रोज त्या ढिगावर बसतात.

कायद्याचं असं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम २ मधे दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात फ्यूज हा शब्द सरळ लिहिलेला आहे, फ्रिक्शन ट्यूब पण आहे, आणि दारूगोळ्याचे सुटे भाग पण आहेत. म्हणजे आत काही नाही, रिकामं कवच आहे, मग कायदा लागूच होत नाही असं समजून चालू नका. कलम ४५ मधे काही सूट आहे, कालबाह्य किंवा पुरातन मूल्याची जी शस्त्रं दुरुस्त करून सुद्धा वापरता येणार नाहीत त्यांना, आणि दारूगोळ्याचे किरकोळ भाग जे दुसऱ्या भागांबरोबर जोडून वापरायचा हेतूच नाही त्यांना. पण ही सूट तुम्हाला लागू होते की नाही हे तुम्ही स्वतः शोकेससमोर उभं राहून ठरवायचं नसतं, लेखी विचारून घ्यायचं. आणि आत स्फोटक असेल तर १८८४ आणि १९०८ चे स्फोटकांचे कायदे वेगळेच, तिथे जुनं, पुरातन, शोभेचं असला मुद्दा घेऊन मी तरी कोर्टात उभा राहणार नाही.

परदेशातल्या लिलावांतून मागवणाऱ्यांनी पण जपून, तिकडे जे खुलेआम विकतात ते इथे कस्टममधे अडकतं आणि मग उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. आणि विमानात रिकामं कवच सुद्धा बॅगेत घालू नका, माझ्या एका अशिलाची आख्खी गोव्याची ट्रिप त्यात गेली. उलट दिशेचं पण आहे, शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, मग ती परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही.

पितळवेडा
येऊन गेले. चौघं होते, एक कुत्रा पण. दोन तास आमच्या मजल्यावर कुणाला येऊ दिलं नाही. लांबून काहीतरी मशीन लावून बघितलं, मग त्यांच्या पेटीत घालून घेऊन गेले. जाताना त्यांतले जे मोठे होते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कड्यांमधला माल आणि टोपी दोन्ही जागेवर दिसतायत. एवढंच म्हणाले. मी जिन्यात खाली बसलो.

फ्यूज परत मिळणार नाही, नष्ट करणार. मला त्याचं वाईट वाटत नाहीये, पण त्या कडीवरचं काम मी विसरू शकणार नाही. घेतला त्याच दिवशी मी कुलपांसारखे सगळ्या बाजूंनी फोटो काढले होते, १४ फोटो आहेत, शिक्के स्पष्ट आलेत. कागदवेडी ताई, तुम्हाला पाठवू का? त्या रोमन आकड्याचं काही जमलं तर.

कागदवेडी
नक्की पाठव! तिरपा उजेड पाडलेला एखादा फोटो असेल तर घासलेला आकडा सुद्धा कधी कधी वाचता येतो. आणि दादा, असा १४ फोटोंचा संच हाच तुझा पहिला नमुना समज. माझ्याकडे प्रत्यक्ष फ्यूज फक्त एक आहे, कागदासकट निकामी केलेला, त्याची शाईची दौत केलेली आहे, त्या काळचे ऑफिसर लोक आठवण म्हणून करून घ्यायचे. बाकी सगळं कागद, म्हणजे छापील नकाशे, आडवे छेद दाखवणारी ड्रॉइंगं, जुनी हँडबुकं. त्या छेदांच्या चित्रांत आतली यंत्रणा पान्याशिवाय दिसते, तुला बघायचीच होती ना. हाताने रंगवलेली असतात, पितळ पिवळं, दारू काळी, स्टील निळं.

आणि कागदांतून जे कळतं ते वस्तूतून कळत नाही. उदाहरणार्थ १०६ नंबरचा फ्यूज. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधे सोमच्या लढाईत ब्रिटिश पायदळ पुढे गेलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी जर्मनांच्या काटेरी तारा तशाच उभ्या होत्या, आठवडाभर तोफा डागून सुद्धा. एक कारण फ्यूजचं होतं, स्फोटक गोळा जमिनीत घुसून मग फुटायचा, माती उडायची, तारा वर उचलल्या जाऊन तिथेच पडायच्या. १०६ नंबर कशालाही नुसता टेकला की लगेच फुटायचा, खड्डा न करता, त्यामुळे तारा तुटायच्या. १९१७ च्या वसंतात अरासच्या लढाईपर्यंत तो भरपूर हाताशी आला. त्याची सुरक्षेची युक्ती बघ, टोकाच्या दांडीला एक बारीक पितळी पट्टी गुंडाळलेली असते, गोळा हवेत गरगर फिरायला लागला की ती पट्टी आपोआप उलगडून पडते आणि तेव्हाच फ्यूज जागा होतो. एवढ्याशा पट्टीवर तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसांचा जीव.

बाणदार
उशिरा आलो, सगळं वाचलं, मुलगी सुखरूप आहे हे बरं झालं.

पितळवेडा तुम्ही कुलुपं जमवता म्हणून सांगतो, आत दारू भरलेल्या फुटणाऱ्या गोळ्याला जुन्या मराठीत कुलपी गोळा म्हणतात. म्हणजे तुम्ही आपल्याच विषयात आहात. जो उखळी तोफेतून उडवायचे तो. तेव्हाचे फ्यूज लाकडाचे असायचे, युरोपात बीचच्या लाकडाची निमुळती खुंटी, मधे भोक, त्यात दारू ठासलेली, हवी तेवढ्या लांबीची कापून गोळ्यात ठोकायची. ती वेगळी पेटवावी पण लागायची नाही, कारण गोळा तोफेच्या नळीत सैल बसायचा, मधल्या फटीतून तोफेचीच आग पुढे येऊन खुंटी पेटवायची. पुढे नळीला आतून आटे पडले, गोळा घट्ट बसायला लागला, फट गेली, आणि मग फ्यूजला स्वतःची आग स्वतः लावायची सोय करावी लागली. तुमच्या ८० नंबरातली ती टोपी तिथून आली.

मी या विषयात शब्दांमागून आलो. जामगी, तोडा, रंजक, काना, बत्ती, गरनाळ, जेजाला, जंबुरा. जामगी म्हणजे ती धुमसती वात, रंजक म्हणजे कान्यावर, तोफेला बत्ती द्यायच्या भोकावर, घालायची बारीक दारू. हे शब्द आता पोवाड्यांत आणि बखरींत राहिलेत पण प्रत्येकामागे एक हाताळायची वस्तू होती. आणि शोभेची दारू आणि लढाईची दारू यांच्यात आपल्याकडे फार भिंत नव्हती, बाण हा दोन्हीकडचा शब्द. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरात लग्नातलं दारूकाम येतं. सवाई माधवरावांना महादजी शिंद्यांनी राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं, तिथे दारूची लंका करायचे, रावण, राक्षस, वानर सगळं दारूचं, आणि मारुतीची शेपटी पेटली की तो उडून लंका जाळायचा, म्हणून मग पेशव्यांनी तसाच खेळ पर्वतीच्या पायथ्याशी करवून घेतला. हे भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोड्यांनी भारतातल्या दारूकामाच्या इतिहासावर १९५३ मधे लिहिलं त्यात आलंय. आपण पर्वतीवर रोज सकाळी चढतो आणि खाली काय जळलं होतं हे माहीत नसतं.

२०१८ मधे शिमोगा जिल्ह्यात बिदनूरच्या किल्ल्याजवळच्या एका कोरड्या विहिरीत टिपूच्या काळातले १००० हून जास्त लोखंडी अग्निबाण सापडले. गाळाला दारूचा वास येत होता म्हणून संशय आला असं तेव्हा बातम्यांत होतं. सव्वादोनशे वर्षांनी वास! माजी ऑर्डनन्स म्हणतायत ना काळी दारू मरत नाही, ते हेच. तसल्याच बाणांचे नमुने इंग्रज तिकडे वूलिचच्या शस्त्रागारात घेऊन गेले आणि विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाने त्यावरून स्वतःचे रॉकेट केले.

पुण्यात बघायला जायचं तर राजा केळकर संग्रहालयातली शस्त्रं बघा, घोरपडीचं युद्ध स्मारक आहे, नगरला रणगाडा संग्रहालय आहे. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं संग्रहालय आहे पण लष्करी हद्द आहे, आधी विचारून जावं लागतं. कागदांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ. मुलीला पण न्या, काचेमागे असलेलं बघू दे, तिला घड्याळ आवडलंय.

पितळवेडा
नेणार. तिला अजून नीट सांगितलेलं नाही, फक्त ते घड्याळ आजारी होतं म्हणून काका घेऊन गेले असं सांगितलंय, मोठी झाली की खरं सांगेन.

बाणदार, कुलपी गोळा हा शब्द मी माझ्या वहीत लिहून ठेवलाय.

एक गोष्ट आत्ता आठवली आणि झोप उडाली. त्या काकांच्या ढिगात तसलेच अजून दोन होते, जरा छोटे, त्यांच्यावर आकड्यांची कडी नव्हती म्हणून मी घेतले नाहीत. मी जबाबात एकाचंच बोललो. बुधवारी बाजार परत भरेल तेव्हा सकाळी लवकर जाऊन काकांना सांगू का?

माजी_ऑर्डनन्स
बुधवार नाही, आत्ता. रात्रीचे साडेअकरा वाजले तरी चालेल, ११२ लाच कर, आज आलेल्या पथकाचा संदर्भ दे. ते काका बाजार उठल्यावर माल कुठे ठेवतात कुणास ठाऊक, बहुतेक घरातच असेल, स्टोव्हच्या बाजूला.

पितळवेडा
केला. मघाच्याच साहेबांनी परत फोन केला. काकांची बसायची जागा सांगितली, ताडपत्री निळी, शेजारी जुन्या चपलावाला, एवढं आठवलं. साहेब म्हणाले बीट मार्शलला काका माहिती आहेत, पाटील इस्टेटीजवळ राहतात, माणूस निघाला.

पितळवेडा
सकाळचे सव्वासहा. सापडले. दोन्ही पोत्यात होते, पोतं पलंगाखाली. काका आणि घरातले सगळे ठीक आहेत. पोलिसांच्याच फोनवरून मला बोलले, म्हणाले तुमचे ४५० परत देतो, मी म्हटलं नको काका.